हेझेलच्या मुळाशी ओंजळभर माती

माझ्या हाताला गुण आहे, असं आमच्या घरात सगळे म्हणायचे. आईनं लावलेली जाई वाळायची आणि त्याच कुंडीत मी लावलेली फुटायची. शेजारच्या काकू कढीपत्त्याचं रोप आणलं की मलाच बोलवायच्या, "तू नुसता हात लाव गं," म्हणून. असं सतत कानावर पडलं की ते डोक्यात जातं. माझ्याही गेलं. पुढे पुण्यात शेतकीची पदवी घेतली, लग्न होऊन इंग्लंडात रीडिंगला आले, तरी ते डोक्यातून उतरलं नाही. नंतर जे झालं ते मला माहीत नव्हतं म्हणून झालं असं म्हणायची सोय नाही. मला सगळं शिकवलेलं होतं. आधी हा हातगुण नडला आणि मग माझा भित्रेपणा. आजवर मी हे एकाच माणसाला सांगितलंय, तेही पकडली गेले तेव्हा.

ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. नवरा इन्शुरन्सच्या ऑफिसात आणि मी दोन वर्षं घरात, चार भिंतींना विटलेली. लायब्ररीतल्या बोर्डावर एक चिठ्ठी दिसली: गावाबाहेरच्या एका नर्सरीला मायक्रोस्कोप हाताळता येणारा मदतनीस हवा आहे. दुसऱ्याच दिवशी बस पकडून गेले. मालक उंच, फाटक्या जर्सीतला, बोलताना दोन्ही हात पसरणारा माणूस होता. त्यानं माझी पदवी विचारली नाही. एक काचेची बरणी उघडून माझ्या नाकासमोर धरली. आत लिंबाएवढी, काळी, खरखरीत गाठ होती. आधी वाटलं कुठेतरी गॅस लीक होतोय, मग वाटलं लसूण, मग कुजक्या पानांखालची माती, आणि शेवटी, का कोण जाणे, मला भूक लागली. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "सोमवारपासून ये."

तो ट्रफल होता. ट्रफल म्हणजे जमिनीखाली वाढणारी एक प्रकारची अळंबी. झाडाच्या मुळांना ती बिलगून राहते. झाड तिला साखर देतं, ती झाडाला पाणी आणि क्षार. वरून काही दिसत नाही. पिकली की वास सुटतो आणि तो कुत्र्याला कळतो. फ्रान्समध्ये लोक ती मुद्दाम वाढवू लागले होते. हेझेलची, म्हणजे ज्याचे दाणे चॉकलेटात घालतात त्या झाडाची, कोवळी रोपं घ्यायची, त्यांच्या मुळांना ट्रफलचं विरजण लावायचं, वर्षभर जपायचं आणि मग खडूच्या पांढऱ्या जमिनीत लावायचं. इंग्लंडच्या दक्षिणेला तशा टेकड्या आहेत आणि तिथल्या रानात ट्रफल पूर्वी सापडायचेही. आमच्या मालकाला तेच काम इथे करायचं होतं.

नर्सरीतली शिस्त थेट सोवळ्याची होती. माती वाफेवर शिजवून घ्यायची, त्यात चुना मिसळायचा. काचघरात शिरताना बूट बदलायचे, हात साबणानं धुवायचे, बाहेरची खुरपी आत आणायची नाही. बाहेरच्या मातीत दुसऱ्या शेकडो बुरश्या असतात आणि त्या ट्रफलपेक्षा दांडग्या असतात. त्यांनी एकदा मुळांवर बस्तान बसवलं की ट्रफलला जागा उरत नाही. हे मला तोंडपाठ होतं. घरातल्या सोवळ्याओवळ्याची टिंगल करत मोठी झालेली मी इथे कडक सोवळं पाळत होते आणि संध्याकाळी नवऱ्याला त्याची गंमत सांगत होते.

पहिल्याच जुलैत मालक पंधरा दिवसांसाठी फ्रान्सला गेला. जाताना एका गिऱ्हाइकासाठी राखलेली दोनशे रोपं माझ्या हवाली केली. चौथ्या दिवशी पानं पिवळी पडायला लागली. मी पाणी कमी केलं, मग वाढवलं, मग काचेवर कापड टाकून सावली केली. आठव्या दिवशी पंधरा-वीस रोपांनी माना टाकल्या. फ्रान्सचा फोन नंबर भिंतीवर लावलेला होता. पण फोन करून सांगणार काय? तुम्ही गेलात आणि ह्या हातानं रोपं मारली?

काचघराच्या मागे कुंपणात एक जुनं हेझेल होतं. कुणी कधी पाणी घातलं नसेल त्याला, पण हिरवंगार. त्याच्याकडे बघताना मला आई आठवली. आई एखादं रोप एका जागेवरून दुसरीकडे हलवायची तेव्हा मूळ झाडाखालची ओंजळभर माती बरोबर घ्यायची आणि नव्या खड्ड्यात घालायची. रोपाला माहेरची माती लागते, म्हणायची. कॉलेजात आम्हाला त्यामागचं शास्त्रही शिकवलं होतं. त्या मातीत मुळांच्या सोबतीच्या बुरश्या असतात. म्हणजे रीत मला माहीत होती, तिचं कारण माहीत होतं, आणि नेमकी तीच गोष्ट ह्या दोनशे रोपांना का चालणार नाही हेही माहीत होतं. तरी मी बादली घेऊन कुंपणाशी गेले.

एका दुपारात दोनशे रोपांना मूठ मूठ माती घातली. मग वरून शिजवलेल्या मातीचा पातळ थर दिला, म्हणजे काळी माती दिसू नये. माती घातली ती घाबरून घातली असं म्हणता येईल. पण तो वरचा थर मी अगदी शांतपणे दिला. त्याची मला आजही जास्त लाज वाटते.

आठवडाभरात रोपं तरारली. मालक परत आला, काचघरात शिरला आणि दारातच थबकला.

"काय केलंस तू?"

"काही नाही. पाणी जरा नीट दिलं."

"यू हॅव अ गिफ्ट," तो म्हणाला आणि मी हसले. घरी आल्यावर आईला पत्रात तेही लिहिलं, की इथल्या साहेबानंसुद्धा माझा हात वाखाणला.

नोव्हेंबरात रोपं जायची होती. त्याआधी मुळं तपासायचं काम माझं होतं. तीस रोपं काढायची, मुळांची टोकं धुऊन मायक्रोस्कोपखाली बघायची. ट्रफल लागलेलं टोक जाडसर, मधासारख्या रंगाचं असतं आणि त्यावर बारीक लव असते. पहिल्या रोपाची टोकं पांढरी आणि गुळगुळीत होती. दुसऱ्याचीही. मी भिंग पुसलं. सगळी तीस बघून झाली तेव्हा ट्रफल फक्त चार रोपांवर होता, तोही काठाकाठाला, पांढऱ्यानं बाहेर लोटत आणलेला. कुंपणातल्या हेझेलच्या बुरशीनं सगळं घर बळकावलं होतं. तपासणीचा तक्ता समोर होता, भरायचा राहिलेला. मालकाला खरं सांगायचं असं मी ठरवलं होतं, अगदी खरंच ठरवलं होतं, आणि तेवढ्यात दारावर टकटक झाली.

गिऱ्हाईक तीन तास लवकर आलं होतं. टेकड्यांमधल्या एका खेड्यातले निवृत्त पोस्टमन, ठेंगणे, लाल गालांचे, टोपी हातात धरून उभे. कुणाचा तरी ट्रेलर मागून आणला होता. मी त्यांना मनात काका म्हणायला लागले ते त्याच दिवसापासून. त्यांचे आजोबा कुत्री घेऊन रानात ट्रफल शोधायचे, तोच त्यांचा धंदा. काका लहानपणी त्यांच्याबरोबर जायचे. पुढे युद्धाच्या काळात त्या रानातली बीच नावाच्या झाडांची राई तोडली गेली, आजोबा गेले आणि गावात ट्रफल म्हणजे काय हे ठाऊक असलेलं कुणी उरलं नाही. बायको वारल्यावर काकांनी घरामागचं दोन एकर शेत मोकळं केलं. त्यांना ट्रफल विकायचेबिकायचे नव्हते. आपल्या कुत्र्यानं, आपल्या झाडाखालून, एकदा ट्रफल काढावा, बस. हे सगळं त्यांनी मला पाच मिनिटांत सांगितलं आणि विचारलं, "मी बघू का त्यातून?"

मी मायक्रोस्कोपखालची काच बदलली. तिसांतल्या त्या चार बऱ्या रोपांपैकी एकाचं टोक ठेवलं. काका एक डोळा मिटून कितीतरी वेळ बघत राहिले.

"हे माझे तर," ते म्हणाले.

मी तक्त्यावर 'ठीक' लिहिलं आणि सही केली. तेव्हा मी स्वतःला जे सांगितलं ते लिहिते, कारण ते लिहिल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. आमच्यात चांगल्या कामाला निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत, त्या वेळी वाईट शब्द उच्चारत नाहीत. काका निघाले होते, ट्रेलर भरत होते, शीळ घालत होते. मी म्हटलं, आज नको, अपशकून कशाला, रोपं लागू देत, मग सांगू. ज्या रीतिरिवाजांना मी एरवी नाकं मुरडायची त्यातलाच एक मी हवा तेव्हा उचलून पुढे केला.

लावणीला मला मालकानं पाठवलं. टेकडीच्या उतारावर पहार मारली की आतून पांढरी माती निघायची, हात पिठात बुडवल्यासारखे व्हायचे. काका खड्डे घेत होते, मी रोपं ठेवत होते. दोनशे रोपं, दहा ओळी. दुपारी त्यांनी चहा आणि चीजचं सँडविच आणलं आणि विचारलं, "किती वर्षं लागतील?"

"पाच-सहा तरी. कधी आठ."

"मला घाई नाही," काका म्हणाले. त्याच हिवाळ्यात सांगितलं असतं तरी चाललं असतं. रोपं कोवळी होती, उपटता आली असती. मी म्हटलं, वसंतात सांगू.

वसंतात सांगितलं नाही. मग दर ऑक्टोबरात काकांचं पत्र यायला लागलं, टपोऱ्या, सरळ अक्षरात, पत्ता तर असा लिहिलेला की त्यांचा सगळा जन्म त्यात दिसायचा. तपासायला कधी येतेस? मी जायचे. बसनं, डब्यात चिवडा घेऊन. चौथ्या वर्षी मालकानं जमीन घरं बांधणाऱ्याला विकली आणि तो फ्रान्सला निघून गेला. मला एका शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. तेव्हापासून काकांच्या शेतात येऊन मुळं बघणारी आणि ती वाचता येणारी मी एकटीच उरले. माझा जीव भांड्यात पडला होता, हेही लिहायला हवं.

झाडं अशी वाढली की विचारू नका. कुंपणातली ती बुरशी हेझेलला फार मानवते. पाचव्या वर्षी झाडं माझ्या डोक्याच्या वर गेली, दाणे लगडले. काका मला पिशवी भरून दाणे द्यायचे. मी त्यांच्या वड्या करायचे, मधल्या काळात झालेली माझी मुलगी त्या आवडीनं खायची, माझ्या घशाखाली उतरायच्या नाहीत. "तुझ्या हाताला काहीतरी आहे," काका म्हणायचे. इंग्रजीत ही गोष्ट म्हणायला त्यांच्याकडे धड शब्द नव्हता, ते माझ्या हाताकडे बोट दाखवायचे.

तिसऱ्या वर्षी त्यांनी कुत्री आणली होती, तपकिरी-पांढरी, स्पॅनियल जातीची आणि आणखी कशाची तरी मिसळ. मालकानं दिलेला ट्रफलचा तुकडा जुन्या मोज्यात बांधून ते बागेत पुरायचे आणि ती तो काढायची. नाक जमिनीला, शेपटी वर, मग एकदम थांबून एकच पाय आपटायचा. चुकली नाही कधी. शेतात मात्र ती दहाच्या दहा ओळी हुंगत फिरायची आणि शेवटी काकांच्या पायाशी येऊन बसायची. पहिल्यांदा काका हसले. पुढच्या वर्षी म्हणाले, "तिला अजून समजत नाही." त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी तिला दोष देणं थांबवलं आणि मला विचारलं, "माझंच काही चुकतंय का?"

"छे," मी म्हटलं. "काही झाडांना वेळ लागतो."

ट्रफलनं झाड धरलं की त्याच्या बुंध्याभोवतीचं गवत मरतं, गोल करपल्यासारखं दिसतं. काका दर उन्हाळ्यात त्या गोलाची वाट बघायचे. एका कोरड्या ऑगस्टमध्ये त्यांचा फोन आला, आवाज चढलेला. कधी फोन करणारे नव्हते ते. मी गेले. सहा झाडांभोवती गवत जळलं होतं खरं, पण ते उन्हानं जळलं होतं. कुंपणाकडचंही तसंच जळलं होतं. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. मी गुडघ्यांवर बसले, गवताची काडी मोडली, माती हुंगली, नाटकात करतात तसं सगळं केलं.

"असू शकेल," मी म्हणाले.

त्या आठवड्यात त्यांनी कॅनडातल्या लेकीला गोल सापडल्याचं कळवलं, मला मागाहून समजलं. मी वेळ मारून नेली होती आणि त्यांनी त्यावर एक अख्खं वर्ष काढलं.

पत्र लिहिलं नाही असं नाही. तीन वेळा लिहिलं. एकदा तर तिकीट लावलं. मग वाटलं, पत्र वाचताना ते घरात एकटे असतील. हे तोंडानंच सांगायला हवं. आणि तोंडानं सांगायची वेळ आली की वाटायचं, हे पत्रातच बरं. नवरा म्हणायचा, "अगं, दर इयरला तिकडे कशाला जातेस? तुझा जॉब पण नाही राहिला आता तो." मी म्हणायचे, "म्हातारा माणूस आहे हो, एकटा आहे." माझ्या चांगुलपणाचं त्यालाही कौतुक वाटायचं.

नवव्या वर्षीच्या पत्रात काकांनी लिहिलं होतं की कमरेचं दुखणं वाढलंय, डॉक्टर जिने चढू नका म्हणतात, लेकीनं गावातल्या वृद्धांच्या फ्लॅटसाठी नाव घातलंय. शेत वसंतात विकायचं. ह्या शरदात एकदा शेवटचं बघू, तू ये. शेवटी एक ओळ होती: मला राग नाही, आठ वर्षं बाहेर हवेत काम करायला मिळालं.

ती ओळ वाचून मी रडले आणि मग खरं सांगायचं सोडून दुसरंच काहीतरी ठरवलं. गुरुवारी रजा टाकून लंडनला गेले. तिथल्या एका महागड्या दुकानात ताजा ट्रफल मिळतो असं ऐकलं होतं. मिळाला, अक्रोडाएवढा. काकांना एकदा आनंद द्यावा म्हणून आणला असं मी ट्रेनमध्ये स्वतःला समजावत होते. ते खरं नव्हतं. मला सुटायचं होतं. कुत्रीनं तो उकरला असता, काकांनी तो खाल्ला असता आणि माझी नऊ वर्षं मिटली असती.

घरी आणल्यावर हात आपोआप देव्हाऱ्याकडे गेला. आमच्याकडे नवी वस्तू घरात आली की आधी देवापुढे ठेवतात, हळदकुंकू वाहतात, अक्षता टाकतात. फ्रिज असो, गाडी असो, नवी पुस्तकं असोत. मी ट्रफल ठेवला, हळदकुंकू वाहिलं, कुंकवात घोळलेल्या तांदळाच्या अक्षता टाकल्या आणि हात जोडले. एवढं एकदा पार पडू दे. फसवणूक पार पडावी म्हणून मी देवाला साकडं घातलं. मुलगी शाळेतून आली आणि म्हणाली, "आई, बाप्पाला जळलेली बटाटा का दिली?" मी तिच्यावर उगीचच ओरडले.

शनिवारी सकाळी ट्रफल जुन्या टूथब्रशनं घासून कुंकू काढलं आणि पहिली बस पकडली. काका शनिवारी नऊ ते दहा गावात पेपर आणि पाव आणायला जातात, कुत्रीला घेऊन, हे मला ठाऊक होतं. मागच्या बाजूनं शेतात शिरले. तिसऱ्या ओळीतल्या एका झाडाखाली वीतभर उकरून ट्रफल पुरला, माती दाबली, वर पानं पसरली. मग रस्त्यापर्यंत चालत गेले, झुडपाच्या आडोशाला तासभर थंडीत बसले आणि अकराला, जणू आत्ताच बसमधून उतरले अशी, पुढच्या दारानं गेले.

काका काठी टेकत बाहेर आले. कुत्री धावत आली ती थेट माझ्या कोटाच्या खिशाला नाक लावून उभी राहिली. पाय आपटायला लागली.

"चिवडा आहे खिशात," मी म्हटलं.

"लाडावलीय," काका म्हणाले आणि तिला शेताकडे सोडलं. पहिली ओळ. दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीत ती मध्येच वळली, नाक खाली, आणि थांबली. उजवा पाय एकदा आपटला. काका जागच्या जागी उभे राहिले. मग इतके भरभर निघाले की काठी हातातच राहिली, टेकवायची विसरले. गुडघ्यांवर बसताना त्यांच्या तोंडून कण्हणं निघालं. मी आधार द्यायला गेले तर त्यांनी मला बाजूला सारलं. स्वतःच्या हातानं त्यांनी माती काढली, आणि ट्रफल वर आला.

त्यांनी तो हुंगला. डोळे मिटले, डोळ्यांतून पाणी आलं. ते बघताना मला क्षणभर वाटलं की मी चांगलंच केलं. मग त्यांनी अंगठ्यानं माती पुसायला सुरुवात केली. एके ठिकाणी अंगठा थांबला. ट्रफलची साल खरखरीत असते, फटी असतात. एका फटीतून त्यांनी नखानं काहीतरी काढलं आणि तळहातावर ठेवलं. तांदळाचा दाणा होता, लाल.

"हे काय?"

"तांदूळ," मी म्हणाले.

ते वाट बघत राहिले. मी उभी होते, ते खाली बसलेले होते, आणि मी सगळं सांगितलं. कुंपणातलं हेझेल, बादली, मुठी, वरचा थर, तीस मुळं, लंडन, देव्हारा. बोलता बोलता माझं इंग्रजी तुटत गेलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते मला त्या उतारावर कळलं. काकांनी मध्ये एकच प्रश्न विचारला.

"तुला कधी कळलं?"

"तुम्ही मायक्रोस्कोपमधून बघितलं, त्याच्या आधी."

त्यांनी मान हलवली. खिशातून बिस्किट काढून कुत्रीला दिलं, तिच्या कानामागे खाजवलं. "शी डिड हर जॉब," ते म्हणाले. मग खड्ड्यात माती परत लोटली आणि हातानं दाबून बसवली. ट्रफल काढल्यावर खड्डा उघडा ठेवायचा नाही, आजोबांचा नियम होता तो. उठायला त्यांना वेळ लागला. ह्या वेळी मी पुढे झाले नाही.

"मी नवी रोपं आणते," मी म्हटलं. "फ्रान्सहून मागवते. दोनशे. एकेक मूळ स्वतः तपासते. शेत विकू नका."

"किती वर्षं?"

"आठ. कदाचित दहा."

त्यांनी शेताकडे बघितलं. झाडं सुरेख दिसत होती, पानं पिवळी होऊन गळत होती.

"मी तेव्हा त्रेसष्टचा होतो," काका म्हणाले. "तेव्हा बोलली असतीस तर त्याच हिवाळ्यात उपटून दुसरी लावली असती. आता त्या कामाला तरुण माणूस बघ."

आवाज चढलेला नव्हता. शिवी दिली असती तर मी ती घेऊन घरी गेले असते. त्यांनी ट्रफल माझ्या हातात ठेवला आणि सांगितलं की पाऊण वाजताची बस मिळेल. दर वर्षी ते आणि कुत्री मला स्टॉपपर्यंत सोडायला यायचे आणि बस वळेपर्यंत हात हलवत राहायचे. त्या दिवशी मी एकटीच निघाले. कुत्री मात्र माझ्या मागे आली, शेपटी हलवत, माझ्या मुठीला नाक लावत, थेट फाटकापर्यंत. काकांनी शीळ घातली आणि ती परत गेली.